रोजच्या वापरातली आलिशान एसयूव्ही : चार वर्षांनंतरचे मत

आलिशान एसयूव्हीबद्दल जे परीक्षण वाचायला मिळते, ते बहुधा दोन दिवसांच्या ओळखीवर लिहिलेले असते. गाडी नवी असते, रस्ता निवडून घेतलेला असतो आणि टाकीतले इंधन दुसऱ्याने भरलेले असते. माझ्याकडची गाडी चार वर्षे आणि ७२,००० किलोमीटर माझ्याच हाताखाली चालली आहे. त्यातले निम्मे अंतर घर ते कार्यालय या चौदा किलोमीटरच्या, गर्दीच्या आणि कंटाळवाण्या रस्त्यावर कापलेले आहे. गाडी कोणत्या कंपनीची, हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण तिचे जे गुणदोष पुढे येतील ते या वर्गातल्या जवळजवळ सर्वच गाड्यांना कमीअधिक प्रमाणात लागू आहेत. तीन लिटरचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन, आठ गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना ताकद, एअर सस्पेन्शन (म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्या), पाच आसने आणि सुमारे २,३०० किलो वजन, एवढी ओळख पुरेशी आहे.

आधी तिच्या सर्वांत मोठ्या गुणाबद्दल, म्हणजे शांततेबद्दल. विक्रेता ग्राहकाला ताकद दाखवतो, डिजिटल पडदे दाखवतो, छताची काच सरकवून दाखवतो. शांतता दाखवता येत नाही, ती महिनाभराने लक्षात येते. हिच्या पुढच्या दारांच्या काचा दुपदरी आहेत आणि दोन पदरांच्या मध्ये आवाज शोषणारा प्लॅस्टिकचा पातळ थर आहे. साध्या गाडीत अशी रचना फक्त पुढच्या काचेत असते आणि दारांना एकपदरी काच असते. या एका फरकामुळे ताशी १०० किलोमीटर वेगात मागच्या आसनावरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते. चार तासांच्या प्रवासानंतर उतरताना डोके जड झालेले नसते, त्याचे श्रेय मी इंजिनापेक्षा या काचांना आणि आसनांना देतो. मांडीखालचा आधार पुढेमागे करता येणे ही गोष्ट कागदावर क्षुल्लक दिसते, पण पाय लांब असलेल्या चालकासाठी कमरेचे दुखणे असणे आणि नसणे यांतला फरक तेवढाच असू शकतो.

आता चाकांविषयी, कारण या गाडीबाबतची माझी सर्वांत मोठी चूक तिथेच झाली. गाडी घेताना मी २१ इंची चाके निवडली. ती दिसायला अप्रतिम होती, याबद्दल आजही वाद नाही. त्यांवरचे टायर २८५/४० मापाचे होते, म्हणजे रुंदी २८५ मिलिमीटर आणि रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत रबराची उंची तिच्या ४० टक्के, साधारण ११४ मिलिमीटर. दुसऱ्याच वर्षी पाण्याखाली दडलेल्या एका खड्ड्यात पुढचे डावे चाक आदळले, टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगवटा आला आणि रिमही वाकली. असा फुगवटा म्हणजे आतले धागे तुटल्याची खूण असते. त्याला पंक्चरसारखे ठिगळ लावता येत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. त्याच सुमारास मी १९ इंची चाके आणि २५५/५५ मापाचे टायर बसवून घेतले. पूर्ण चाकाचा व्यास जवळजवळ तेवढाच राहिला, पण रबराची उंची १४० मिलिमीटर झाली. या २६ मिलिमीटरनी गाडीचा स्वभाव बदलला. रस्त्यावरचे जोड, गतिरोधकाच्या कडा, उखडलेले डांबर हे सगळे आधी ‘ठक्’ असे हाताला कळायचे, ते आता ‘धप्प’ असे लांबून ऐकू येते. एअर सस्पेन्शनसाठी अधिकचे पैसे मोजायचे आणि मग पातळ टायर लावून त्याच्यावर पाणी सोडायचे, हा व्यवहार मला आता उलगडत नाही.

टायरच्याच ओघात आणखी एक. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एकच टायर बदलणे सोपे नसते. नवा टायर आणि झिजलेला टायर यांचा घेर वेगळा, त्यामुळे त्यांच्या फिरण्याचा वेगही वेगळा, आणि हा फरक पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेला सतत झेलावा लागतो. म्हणून दोन, आणि झीज जास्त असेल तर चारही टायर एकदम बदलावे लागतात. गाडी घेताना खर्चाचा अंदाज बांधणाऱ्यांपैकी फार थोडे जण ही रक्कम धरतात. डिकीत दिलेली स्टेपनी बारीक आणि ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असलेली आहे, हे तर मला पहिल्या पंक्चरच्या वेळी, सामान रस्त्याच्या कडेला काढून ठेवल्यावर समजले.

गाडीचे आकारमान हा रोजचा प्रश्न आहे. आरसे उघडे असताना रुंदी २.२ मीटरच्या आसपास जाते. जुन्या इमारतींच्या तळघरातले पार्किंग ज्या काळात आखले गेले, त्या काळात गाड्या अशा नव्हत्या. कार्यालयातल्या माझ्या जागेला उजवीकडे खांब आहे. तिथे गाडी लावायची म्हणजे आधी सोबतच्या माणसाला बाहेर उतरवायचे, मग आरसे मिटायचे, मग पडद्यावर वरून दिसणाऱ्या चित्रात पांढऱ्या रेषा बघत मागे यायचे, आणि शेवटी पोट आत घेऊन दारातून बाहेर पडायचे. चार कॅमेऱ्यांचे ते चित्र या गाडीत चैन नसून गरज आहे. मात्र पावसाळ्यात मागच्या कॅमेऱ्यावर चिखल बसतो आणि नेमक्या त्या वेळी मान वळवून बघण्याची जुनी सवयच उपयोगी पडते.

उंच बसल्यामुळे सगळे दिसते, हा समज अर्धाच खरा आहे. लांबचे खरोखर चांगले दिसते, जवळचे दिसत नाही. बोनेट उंच असल्यामुळे गाडीच्या अगदी पुढ्यातले लहान मूल झाकले जाऊ शकते, आणि पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब इतके जाड आहेत की वळणावर रस्ता ओलांडणारा माणूस त्यांच्या आड संपूर्ण लपतो. माझ्या बाबतीत एकदा असे घडले. डावीकडे वळताना एक गृहस्थ खांबाच्या आड त्याच गतीने चालत राहिले आणि काही क्षण मला ते अस्तित्वातच नव्हते. ब्रेक वेळेवर लागला. तेव्हापासून वळणापूर्वी मी आसनातून थोडा पुढे झुकून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघतो.

वेगाबद्दल फारसे लिहिण्याची गरज नाही. एवढ्या मोठ्या इंजिनाला ओव्हरटेक करताना विचार करावा लागत नाही. वजनाचा विसर मात्र पडू देऊ नये. ताशी १०० किलोमीटर वेगात या गाडीत साठलेली ऊर्जा १,१०० किलोच्या छोट्या गाडीच्या दुपटीहून अधिक असते आणि थांबताना ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. लांब घाटात उतरताना मी स्वतः खालचा गिअर ठेवतो, म्हणजे इंजिनही गाडीला रोखते. चारही चाकांना मिळणारी ताकद गाडीला ओल्या रस्त्यावरून निघायला मदत करते, थांबायला करत नाही. हे ज्याला ठाऊक नसते, त्याचा आत्मविश्वास पावसात धोकादायक ठरतो.

इंधनाचा हिशेब मी पहिल्या दिवसापासून ठेवला आहे. शहरात लिटरमागे ९ किलोमीटर आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी ९० च्या आसपास ठेवल्यास १३ ते १४ किलोमीटर मिळतात. वेग १२० केला की आकडा झपाट्याने घसरतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ९० वरून १२० वर गेल्यास तो पावणेदोन पटींहून अधिक होतो आणि उंच, रुंद पुढा असलेल्या गाडीला त्याची झळ जास्त बसते. यापेक्षा महत्त्वाची अडचण मात्र मायलेजची नाही. आधुनिक डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती भरली की गाडी स्वतःच जास्त डिझेल वापरून तिचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे सलग आणि बऱ्या वेगाने चालणे लागते. गर्दीतल्या रोजच्या फेरीत ते मिळत नाही. मग संध्याकाळी गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहतो, जळकट वास येतो आणि अर्धवट राहिलेले काम दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते. मी दर रविवारी सकाळी गाडी महामार्गावर अर्धा तास नुसती फिरवून आणतो. कुत्र्याला फिरवावे तसे हे आहे, असे घरात म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. शिवाय धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या, युरियाच्या ३२.५ टक्के द्रावणाची वेगळी टाकी असते. ती रिकामी होऊ दिली तर बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही. ज्यांचा रोजचा प्रवास लहान आहे त्यांनी या वर्गात डिझेल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या वर्षी, हमी संपल्यानंतर दोनच महिन्यांनी, एका सकाळी गाडी पुढच्या उजव्या कोपऱ्यावर गुडघा टेकल्यासारखी बसलेली आढळली. एअर सस्पेन्शनमधली रबरी पिशवी झिरपत होती. इंजिन सुरू केल्यावर कॉम्प्रेसरने हवा भरून गाडी उचलली खरी, पण झिरपणारी पिशवी तशीच वापरत राहिल्यास कॉम्प्रेसर सतत धावून तोही जळतो, म्हणून दुरुस्ती लांबवणे महाग पडते. सर्व्हिस सेंटरमध्ये वागणूक आदबीची आणि कॉफी उत्तम होती. सुटा भाग यायला मात्र अकरा दिवस लागले, आणि बदली म्हणून मिळालेली छोटी गाडी त्या अकरा दिवसांत मला कार्यालयाच्या त्या खांबाशेजारी पहिल्याच प्रयत्नात लावता आली, हेही नोंदवले पाहिजे.

आतल्या सजावटीत दोन गोष्टी खटकतात. एसीचे तापमान आणि पंखा पडद्यावर गेले आहेत; आधीच्या गाडीत जे बटण मी न बघता फिरवत असे, त्यासाठी आता रस्त्यावरची नजर काढावी लागते. आणि गिअरभोवतीचा काळा चकचकीत पृष्ठभाग चार महिन्यांतच बारीक ओरखड्यांनी भरला. चामडे, शिलाई आणि बटणांचा हाताला लागणारा घट्टपणा मात्र चार वर्षांनंतरही पहिल्या दिवसासारखा आहे.

हा वर्ग मुळात असा मऊ नव्हता. १९७० मध्ये आलेल्या पहिल्या रेंज रोव्हरच्या आत व्हिनाइलची आसने होती आणि चिखल झाला तर पाण्याने धुऊन काढता येईल अशी जमीन होती. आता माझ्या गाडीत फिकट रंगाचे गालिचे आहेत आणि पावसात कुणी बसायला आले की मला आधी त्यांची आठवण होते. खडबडीत वाटेसाठी दिलेली बटणे मी चार वर्षांत दोनदा दाबली असतील.

एअर सस्पेन्शनबद्दल एवढे ऐकवल्यावरही पुढची गाडी मी त्याच्याशिवाय घेणार नाही, याचे कारण माझी आई आहे. तिच्या गुडघ्यांना उंच गाडीत चढणे जमत नाही आणि सखल गाडीतून उठणेही जमत नाही. डिकीजवळचे बटण सामान चढवण्यासाठी आहे. ते दाबले की मागची बाजू पाच सेंटिमीटरच्या आसपास खाली येते आणि आसन बरोबर तिच्या कंबरेच्या उंचीला येते. ती दार धरून उभी राहते, गाडी उसासा टाकत खाली बसते, आणि ती म्हणते, “थांब, तिचं होऊ दे.” मग वळून बसते, पाय आत घेते. पुढच्या वेळी मी छताची काच, २१ इंची चाके आणि डिझेल या तिन्हींवर फुली मारणार आहे. सस्पेन्शनची हमी तेवढी दोन वर्षांनी वाढवून घेईन.