वाटाड्यासोबतचे आठ महिने : किनाऱ्यावरून आणि घळींतून

आठ महिन्यांत चौदा ट्रेक झाले. नऊ समुद्रकाठच्या राखीव क्षेत्रांतले, पाच घळींतले. आधी मी दोघा-तिघा मित्रांबरोबर फिरायचो. वाट फोनवर दिसत असताना वाटाड्याला पैसे कशाला द्यायचे, असं तेव्हा वाटायचं. आता तसं वाटत नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण वाटाड्याच्या गटाची वर्गणी भरण्याआधी मला असं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

वाट दाखवणं हे त्या कामातलं सगळ्यात सोपं काम. खरी जबाबदारी वेळ सांभाळण्याची आणि वेळेवर ‘पुरे’ म्हणण्याची.

किनाऱ्यावर निघायची वेळ भरती-ओहोटीचा तक्ता ठरवतो. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या रविवारी सकाळी ज्या कड्याखालून कोरड्या पायांनी गेलो, तिथे या रविवारी त्याच वेळी भरती असते. शिवाय पाणी एकसारखं चढत नाही. चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात ढोबळमानाने एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. आमच्या वाटाड्या ताई हे सांगत बसल्या नाहीत. विश्रांतीला थांबलो तेव्हा त्यांनी पाण्याच्या कडेला एक पांढरा गोटा ठेवला आणि खडकांतल्या डबक्यांकडे वळल्या. थोड्या वेळाने गोटा दिसेना. ‘चला, उठा,’ एवढंच म्हणाल्या. सगळे उठले.

त्याच थांब्यावर त्यांनी खडकाला चिकटलेली लिंपेट दाखवली. टोपीसारखं कवच असलेली बारीकशी गोगलगाय. भरतीत ती खडकावरचं शेवाळ खरवडत हिंडते, आणि हिच्या बऱ्याच जाती पाणी उतरताना आपल्याच जागेवर परत येऊन बसतात. कवचाची कड आणि खडकावरची खाच एकमेकींत नेमकी बसते, म्हणून ओहोटीतही आतला ओलावा टिकतो. शेजारी एक रिकामी खाच होती, नखाएवढी, लांबट गोल. त्यात बोट फिरवलं तर कड स्पष्ट हाताला लागली. इतकी वर्षं अशा खडकांवरून मी नुसता तुडवत गेलो होतो. आता पाय बघून टाकतो. ही डबकी पाहायची असतील तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचा दिवस निवडा, पाणी सर्वांत दूर तेव्हा जातं. मात्र उधाण असल्याने परत येतानाही ते तेवढ्याच जोराने येतं.

घळीचं गणित डोंगराच्या उलटं. अंगात ताकद असते तेव्हा उतार आणि दमल्यावर चढ. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशोब आजही वापरतात : ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्यात कोरड्या हवेत दर १०० मीटर खाली उतरलं की उष्मा साधारण एका अंशाने वाढतो. म्हणून ताई तळाशी जेमतेम वीस मिनिटं देतात. पहिल्यांदा मला ते फार कमी वाटलं होतं.

एका अरुंद घळीत त्यांनी सगळ्यांना वर बघायला सांगितलं. दोन भिंतींच्या मध्ये, माझ्या डोक्याच्याही बरंच वर, एक ओंडका आडवा अडकला होता. साल निघालेली, फटींत वाळलेला गाळ. पूर तिथवर आला होता. अमेरिकेतल्या अँटिलोप घळीत १२ ऑगस्ट १९९७ रोजी ११ पर्यटक वाहून जाऊन मरण पावले. पाऊस पडला होता तो वरच्या भागात, दूर कुठेतरी. घळीतून दिसणाऱ्या चिंचोळ्या आकाशावर कसलाच भरवसा ठेवता येत नाही, हे तो ओंडका बघताना अंगावर आलं.

म्हणूनच नवव्या ट्रेकला ताईंनी अर्ध्यातून परत फिरवलं तेव्हा मी वाद घातला नाही. डोक्यावर ऊन होतं, पण पायाखालचं पाणी गढूळ झालं होतं आणि त्यातून काटक्या वाहत येत होत्या. काही जण नाराज झाले. पूर आम्ही पाहिला नाही, पाहायला थांबलोच नाही. पैसे परत मिळाले नाहीत, आणि मला ते मागावेसेही वाटले नाहीत.

सगळेच गट असे नसतात. मधले दोन ट्रेक दुसऱ्या एका गटाबरोबर केले. तीसच्या वर माणसं, एकच लीडर, तोही सगळ्यांच्या पुढे. मागे कुणी नेमलेलंच नाही. एका बाईंचा पाय मुरगळला, त्या वाटेत बसून राहिल्या आणि पाऊण तासाने मोजणी झाली तेव्हा कळलं. फोटोंसाठी लोक वाळूच्या टेकड्यांवरच्या गवतातून चढले, कुणी अडवलं नाही. ती वाळू धरून ठेवतं ते गवतच. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.

त्यामुळे नाव नोंदवण्याआधी तीन प्रश्न विचारा : गटात किती जण, शेवटी कोण चालणार, आणि परत फिरायचा निर्णय कोणाचा. उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या. बुटांबद्दल एकच. पाणी झटकन निघून जाणारे घ्या आणि आत वाळू गेली की तिथेच थांबून मोजे झटका. फोड मला याच आळसाने आले होते.

ताईंच्या गटाची वर्गणी मी पुढच्या वर्षासाठी भरली आहे. आता शेवटी चालणाऱ्याचं काम मागून घेतलंय. पहिले तीन ट्रेक जुन्या माणसाबरोबर मागे चालायचं, दर वळणावर डोकी मोजायची, मग एकट्याकडे देणार आहेत.