सॅमल की ओपनआयडी कनेक्ट?

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ईआरपी (कारखान्याचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर), हजेरी, मेल आणि स्टोअरचं सॉफ्टवेअर, म्हणजे चार ठिकाणी चार पासवर्ड. स्टोअरच्या काकांनी तर ते कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहून ठेवले होते. शेवटी सगळीकडे चालेल असं एकच लॉगिन आणायचं ठरलं. त्यासाठीच्या दोन पद्धती म्हणजे सॅमल आणि ओपनआयडी कनेक्ट.

सॅमल २.० हे २००५ चं. ओळख पटवणारा सर्व्हर एक्सएमएल या मजकूर-रचनेतला, डिजिटल सही केलेला दाखला ब्राउझरच्या हाती देतो, ईआरपी सही तपासून आत घेतं. जुन्या ईआरपीला बहुधा हेच कळतं. पण सहीचं सर्टिफिकेट मुदतीचं. आमचं एका सोमवारी संपलं आणि पहिल्या पाळीत कुणालाच चलान काढता येईना. गेटवर ट्रक उभे, ड्रायव्हर चहाला. नवं सर्टिफिकेट चढवेपर्यंत साडेदहा वाजले. शिवाय सर्व्हरचं घड्याळ दहा मिनिटं मागे पडलं तरी लॉगिन अडकू शकतं, ते वेगळंच.

ओपनआयडी कनेक्ट २०१४ चं, ओऑथ २.० या परवानगी देण्याच्या पद्धतीवर उभं. टोकन, म्हणजे इथला दाखला, जेसन या हलक्या मजकूर-रचनेतलं, आटोपशीर, मोबाइल ॲपला सोयीचं. सही तपासायच्या चाव्या ॲप ठरलेल्या पत्त्यावरून स्वतःच उचलतं, त्यामुळे चावी बदलली तरी सहसा कुणाला कळतही नाही.

नवीन काही घेत असाल तर मी डोळे झाकून ओपनआयडी कनेक्टच सांगेन. जुन्या ईआरपीला सॅमल राहू द्या, ओळख सर्व्हर बहुतेक दोन्ही बोलतात. माणूस नोकरी सोडून गेला की मूळ खातं त्याच दिवशी बंद करा, आणि त्याची चालू सेशनं, म्हणजे आधीच उघडलेली लॉगिनं, तीही तोडा. नुसतं खातं बंद केल्याने उघडं असलेलं ईआरपी आपोआप बंद होईलच असं नाही, मग सॅमल असो की ओपनआयडी कनेक्ट.