कापडी सॅडलबॅग की अ‍ॅल्युमिनियमची पेटी? पुणे–लेहला निघण्याआधी

मोटरसायकलवरून लेहचा बेत पक्का झाला की पहिला वाद सामानाचा निघतो. मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी सॅडलबॅगा घ्यायच्या की अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या? मी दोन्ही वापरल्यात. पहिली पुणे–लेह–पुणे कापडावर केली, दुसरी पेट्यांवर. दोन्ही वेळा वाटेत सामानाने दगा दिला. पण कापड ज्या रीतीने गेलं आणि पेट्यांखालचं लोखंड ज्या रीतीने गेलं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. खरेदी करताना तोच बघायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

कापडी बॅगेला पाऊस मारत नाही, घासणं मारतं. दुकानात बॅग ताठ दिसते. तिच्यात दहा किलो भरा, चार-पाचशे किलोमीटर खड्डे खाऊ द्या, की पट्टे सैल पडतात आणि बॅग खाली उतरत आत वळते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना उजवीकडे सायलेन्सर असतो. पहिल्याच दिवशी इंदूरला मुक्कामी बॅग उतरवली, तर उजव्या बॅगेचा खालचा कोपरा चकाकत होता. नखाने दाबून पाहिलं तर कडक, प्लास्टिकच्या डब्यासारखा. नायलॉन वितळून पुन्हा घट्ट झालं होतं. दोन दिवसांनी तिथेच दहाच्या नाण्याएवढं भोक पडलं. मनालीत एका मोचीने दाभण आणि मेण लावलेल्या दोऱ्याने चामड्याचा तुकडा शिवून दिला. माझा चहा होईस्तोवर काम झालं होतं. ते ठिगळ पुण्यापर्यंत टिकलं, आजही आहे.

म्हणून बॅगेइतकेच पैसे सॅडल स्टेवर घालवा. सॅडल स्टे म्हणजे बॅग आणि चाक-सायलेन्सर यांच्यामधली लोखंडी चौकट. ती नसेल तर महागातली महाग बॅगही जळते. कापड निवडताना एवढं लक्षात ठेवा: घासण्याला नायलॉन चांगलं टिकतं, उन्हाला पॉलिएस्टर. लडाखचं ऊन साधं समजू नका. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि वाटेतली टांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. शक्यतो चेनची बॅग घेऊ नका, गुंडाळून बंद होणारी घ्या. तिकडची पिठासारखी धूळ चेनच्या दातांत बसली की चेन बंद होते आणि मागून उघडी पडते. चेनवालीच असेल तर रोज रात्री जुना टूथब्रश फिरवायचा आणि मेणबत्ती घासायची.

एक गोष्ट आपल्या हवामानाची. बॅग माळ्यावर टाकून दोन पावसाळे गेले की आतला पाणीरोधक थर दमट हवेने चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. बाहेरून बॅग नवी दिसते, आत पाणी सरळ येतं. मित्राची उसनी बॅग नेणार असाल तर आत हात घालून आधी बघा.

आता पेटी. पेटीचं सुख खरं आहे. ढाब्यावर कुलूप लावून निवांत जेवता येतं, पाऊस आत येत नाही, संध्याकाळी बांधाबांध सोडत बसावं लागत नाही. पत्रा चेपला तर हातोडीने सरळ होतो. झीज होते ती पेटीची नव्हे, पेटी ज्या लोखंडी चौकटीवर बसते त्या रॅकची. दोन पेट्या आणि रॅक मिळून पंधरा किलोच्या घरात जातात, तेही रिकामे. वर सामान. हे सगळं वजन चार-सहा बोल्टांवर आणि काही वेल्डिंगच्या जोडांवर दिवसभर थरथरत असतं. मनाली–लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सची एकवीस वळणं आणि पुढचे दोन घाट पार करून पांग नावाच्या मुक्कामी थांबलो, तेव्हा डावी पेटी जराशी झुकलेली वाटली. खाली वाकून पाहिलं तर वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी भेग आणि तिच्यात गंजाची भुरकी रेघ. गंज धरला होता म्हणजे भेग आजची नव्हती. पांगमध्ये वेल्डिंगवाला कुठून असणार? टायर काढायच्या लोखंडी पट्टीचा (टायर लिव्हरचा) आधार लावून वर पट्टा आवळला, जड सामान सीटवर घेतलं आणि लेहपर्यंतचे पावणेदोनशे किलोमीटर तीस-चाळीसच्या वेगाने काढले. वाटेतलं मोरे पठार एरवी केवढं सुंदर, पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष मागच्या आवाजाकडे होतं.

पेटीची आणखी एक खोड: आतला पत्रा कपड्यांना घासून काळी भुकटी सोडतो आणि ती डागासारखी बसते. आत कापडी पिशवी हवीच.

आणि सगळ्यात गंभीर मुद्दा पायाचा. वाळूत किंवा नाल्यात तोल गेला की आपण पाय टेकतो. गाडी पुढे सरकते आणि पेटीची कड पोटरीवर येते. गाडी आडवी झाली तर पाय पेटीखाली अडकू शकतो. कापडी बॅग तिथे दबते, पेटी दबत नाही. मनाली–लेह वाटेवरच्या झिंगझिंगबारच्या बाजूचे नाले दुपारी बर्फ वितळून फुगतात. अशा ठिकाणी तुम्ही नवखे असाल तर मी पेटीच्या बाजूने कधीच बोलणार नाही.

मग कुणी काय घ्यावं? एकटे जाणार, गाडी साडेतीनशे-चारशे सीसीची, झंस्कार किंवा स्पितीचे कच्चे रस्तेही करायचे आहेत, तर डोळे मिटून कापड. खर्चही निम्म्याहून कमी. मागे बायको किंवा मित्र बसणार असेल तर सीटवर बॅग बांधायला जागा उरत नाही. त्यात रस्ता बहुतेक डांबरी, मुक्काम हॉटेलात आणि गाडी रस्त्यावर सोडून फिरायचं असेल तर पेट्या घ्या, पण रोज संध्याकाळी रॅकचे बोल्ट तपासायची सवय असेल तरच. सीटमागे बसणाऱ्या टॉपबॉक्समध्ये, म्हणजे छोट्या पेटीत, रेनकोट आणि हातमोज्यांपलीकडे काही भरू नका, तिथलं वजन गाडीचं पुढचं चाक हलकं करतं.

दोन्हींपैकी काहीही घ्या, निघण्याच्या महिनाभर आधी पूर्ण सामान लादून ताम्हिणीने कोकणात जाऊन या. परत आल्यावर सायलेन्सरकडचा कोपरा बोटाने चाचपा. रॅक असेल तर प्रत्येक जोडावरून जुनं सुती फडकं फिरवा. भेग डोळ्यांना दिसायच्या आधी तिथे धागा अडकू शकतो.