म्हापशातलं फ्रेमचं दुकान: काम झक्कास, पण भिंतीवर नवीन माणूस कुठंय?

आधी रिव्ह्यू, मग बाकीची बडबड. म्हापसा मार्केटच्या मागच्या बाजूला एका गल्लीत जुनं फोटो फ्रेमचं दुकान आहे, बोर्ड उन्हापावसानं एवढा उडालाय की नाव वाचताच येत नाही, आणि काकांनी स्वतःच सांगितलं की बाबा नाव बीव टाकू नको, हाताला काम भरपूर आहे, त्यामुळे टाकत नाहीये. मार्केटात कुणालाही फ्रेमवाले काका विचारा, दाखवतील.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या हॉलला रंग दिला तेव्हा जुने फोटो उतरवले. पाच-सहा पावसाळे खाल्लेले फोटो होते, भाऊसाहेब बांदोडकरांचा (गोव्याचे पहिले मुख्यमंत्री) तर काचेला असा चिकटलेला की ओढल्यावर अर्धा कान काचेवरच राहिला. एक फ्रेम ऑनलाइन मागवून पाहिलेली (कंपनीचं नाव नको), काच म्हणून प्लॅस्टिक आणि मागं नुसता पुठ्ठा, जुलैत तो फुगला आणि ऑगस्टात आत बुरशीची नक्षी आली. म्हणून मग काकांकडे गेलो.

काकांचं काम बघण्यासारखं आहे. फोटो काचेला टेकू देतच नाहीत, मध्ये माउंट घालतात म्हणजे हवा खेळायला थोडी जागा राहते, मागं प्लायवूड, कडेनं टेप अगदी दाबून, आणि भिंतीला लागणाऱ्या बाजूला खाली दोन छोट्या गुट्ट्या, म्हणजे भिंत घामेजली तरी ओल थेट फ्रेमला भिडत नाही. गोव्यात राहणाऱ्याला या गुट्ट्यांची किंमत कळेल. पट्टी सागवानी घ्या, फायबरची चकचकीत पट्टी स्वस्त पडते पण कोपऱ्यात फाकते. बारा बाय अठराच्या एका फ्रेमचे साडेसहाशे घेतले, पणजीत याच्या दीडपट सांगतात.

आता मुख्य गोष्ट. आमच्या कमिटीनं ठराव केला होता की जुने पाच आणि एक आजच्या काळातला असे सहा फोटो लावायचे, म्हणजे पोरांना वाटायला नको की धाडसी माणसं फक्त इतिहासाच्या पुस्तकात असतात. जुन्यांची यादी दहा मिनिटांत झाली: सत्तरीचे दीपाजी राणे, टी. बी. कुन्हा, लोहिया, मोहन रानडे, भाऊसाहेब बांदोडकर. गोवा महाराष्ट्रात विलीन करायला विरोध करणाऱ्या जॅक सिक्वेरांचं नाव निघाल्यावर मात्र अर्धा तास गेला कारण निम्मी कमिटी मगोच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या विलीनीकरणवादी पक्षाच्या घरातली, 1967 च्या ओपिनियन पोलमधलं फूल (विलीनीकरण) आणि दोन पानं (वेगळा गोवा) अजून डोक्यातून गेलेली नाहीत. शेवटी घेतलं त्यांना, म्हणजे जुने सहा झाले. आणि आजच्या काळातला? तीन मीटिंगा झाल्या. नाव नाही.

हे काकांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले भिंतीकडे बघ. दुकानाच्या भिंतीवर सँपल म्हणून लावलेल्या फ्रेमा आहेत, त्यात गणपती, साईबाबा, सेंट फ्रान्सिस झेवियर, गांधी, आंबेडकर, शिवाजी महाराज, भाऊसाहेब, गाण्याच्या क्लासवाले नेतात म्हणून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, आणि सगळ्यात नवीन कोण तर मनोहर पर्रीकर. पर्रीकर गेले 17 मार्च 2019 ला. त्यानंतर कुणी आपणहून येऊन अमक्याचा फोटो मढवून द्या असं म्हणालेलं नाही म्हणे. नेत्यांची माणसं येतात, पण त्यांना फ्लेक्स पाहिजे असतो, अर्जंट, वाढदिवस उद्या आहे. काकांचं ठरलेलं उत्तर, ‘फ्लेक्स जाय जाल्यार मुखार वच’, म्हणजे फ्लेक्स पाहिजे तर पुढं जा.

मला आधी वाटायचं की सरळ आहे, माणसंच बारकी झालीत. आमच्या कमिटीतले मास्तर पण हेच म्हणतात, आता काय राहिलंय, सगळे खुर्चीचे लोभी वगैरे. पण हे बोलणं मला हल्ली पटत नाही, कारण हिशेब चुकीचा मांडलेला असतो. 1963 च्या डिसेंबरात गोवा, दमण, दीवची पहिली विधानसभा निवडून आली, तीस जण. त्या विधानसभेतली किती नावं सांगता येतात? भाऊसाहेब, सिक्वेरा, आणि मग घसा खाकरणं सुरू. बाकीचे पण होतेच की, येत होते, बसत होते, सह्या करत होते. त्या सगळ्यांना काळानं गाळलं आणि दोघांना ठेवलं, आणि आपण त्या दोघांची तुलना करतो आजच्या चाळीसच्या चाळीस आमदारांशी. असं कसं चालेल.

तरीपण काहीतरी बदललंय हे खरं. रानड्यांचंच घ्या. माणूस सांगलीकडचा, गोव्यात मराठी शिकवायला आला, पोर्तुगीजांशी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरला, ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला करताना गोळी लागून पकडला गेला. डिसेंबर 1961 ला गोवा सुटला, पेढे वाटून झाले, 1963 ला मुख्यमंत्री आला, आणि हा माणूस तिकडे लिस्बनजवळच्या किल्ल्यात बसलेलाच, सुटला जानेवारी 1969 मध्ये. म्हणजे ज्याच्यासाठी आत गेला ते होऊन सात वर्षं झाली तरी आतच. कुन्हांना 1946 मध्ये पकडून असंच पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात पाठवलेलं. 18 जून 1946 ला मडगावात लोहिया बोलायला उभे राहिले, मुळात आलेले असोळण्याला ज्युलियांव मिनेझिस या मित्राकडे आराम करायला, आणि परवानगीशिवाय सभा म्हणजे सरळ अटक अशा राज्यात पावसात एवढी गर्दी जमली. अधिकाऱ्यानं पिस्तूल काढलं तर लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला असं सांगतात.

या सगळ्या गोष्टींत समोर एक माणूस दिसतो. सालाझार, पोर्तुगालचा हुकूमशहा. 1932 पासून 1968 पर्यंत एकच चेहरा, एकच हुकूम, आणि त्याला नाही म्हटलं की काय होणार हे सगळ्यांना माहीत. समोरचा एवढा स्पष्ट असला की त्याच्या विरोधात उभा राहिलेला पण स्पष्ट दिसतो, फोटोत मावतो. आज तुम्ही कुणाच्या विरोधात उभं राहणार? जमिनीचा वापर बदलायची, झोन चेंजची फाइल? ती कुठल्या टेबलावर आहे हेच कळत नाही. एक बोर्ड, एक कन्सल्टंट, एक सबकमिटी, वर कोर्टाची तारीख. शूर माणूस येतो, आरटीआय टाकतो, उत्तर येतं, अपील करतो, आणि त्यात पाच वर्षं जातात. हिंमत लागतेच, कदाचित जास्तच लागते, पण आरटीआयच्या अपिलाचा फोटो काय मढवणार.

भाऊसाहेबांबद्दल एक सांगायलाच पाहिजे, आमच्या घरात त्यांचं नाव घेताना अजून आवाज बदलतो. महाराष्ट्रात विलीनीकरण हा त्यांच्या राजकारणाचा गाभा, ते जनमतावर सोडलं गेलं, त्यासाठी त्यांचं सरकार बाजूला झालं, 16 जानेवारी 1967 ला मतदान झालं आणि 34,021 मतांनी ते हरले. आणि मग दोनेक महिन्यांतच निवडणुकीला उभे राहून परत जिंकून आले. आजच्या राजकारणात एवढं सगळं पणाला लावून हरलेला माणूस आठवड्याभरात दुसऱ्या पक्षात दिसला असता. टोमणा नाही हा, 2019 च्या जुलैत काँग्रेसचे 10 आमदार एकदम गेले, 2022 च्या सप्टेंबरात परत 8 गेले. काका म्हणतात फ्रेम केली तर मागं झेंडा कुठला घालायचा ते पाच वर्षं टिकलं पाहिजे ना, फ्लेक्सचं बरं असतं, उतरवून दुसरा लावता येतो.

दुसरी एक गोष्ट, आपल्याला लोक फार दिसतात. केसरबाईंच्या रेकॉर्डी मोजक्या, त्यातली एक 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, आणि आमच्या आजीच्या पिढीकडे त्यांच्या मैफलींच्या नुसत्या ऐकलेल्या गोष्टी. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई 1955 ते 1961 जंगलात बसून गुप्त रेडिओ चालवत होते, गोवाभर आवाज पोचायचा, चेहरा कुणी पाहिलेला नाही. लिबियाताईंना पद्मश्री 2025 ला जाहीर झाली तेव्हा त्या शंभर वर्षांच्या होत्या आणि आमच्या कमिटीतल्या दोघांनी ते नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आज रेडिओ चालवला असता तर तिसऱ्या दिवशी त्यांचा इंटरव्ह्यू, सातव्या दिवशी मीम. आबे फारिया या जुन्या काळच्या गोंयकार पाद्र्याची ती गोष्ट घ्या, चॅपलमध्ये बोलायला उभं राहिल्यावर जीभ लुळी पडली आणि बापानं कोकणीत म्हटलं की ही सगळी भाजी आहे, काप ती भाजी. आज कुणीतरी ते लुळे पडलेले दहा सेकंद रेकॉर्ड केले असते आणि तेवढेच फिरले असते. पर्रीकरांचं पण तसंच, हाफ शर्ट, स्कूटर, जानेवारी 2019 मध्ये नाकात नळी घालून अटल सेतूवर आले ते, सगळं आपण मोबाइलवर पाहिलं, त्यामुळे त्यांची दंतकथा पण आहे आणि तिच्याखाली भांडणाऱ्या कमेंटी पण आहेत. भाऊसाहेबांच्या वेळी भांडणारे काय कमी होते का, पण ती भांडणं तिंट्यावरच, बाजारच्या चौकातच विरली.

आता मला खरं काय वाटतं ते. धाडस कमी झालेलं नाही, ते एका चेहऱ्यावर बसायचं थांबलंय. दीपाजी राण्यांनी 1852 मध्ये सत्तरीत पोर्तुगीजांविरुद्ध बंड केलं, त्याच सत्तरीत मेळावलीला आयआयटी येणार म्हणून 2021 च्या जानेवारीत बायका रस्त्यावर उतरल्या, पोलिसांसमोर बसल्या, आणि त्याच महिन्यात सरकारला प्रकल्प तिथून काढावा लागला. नाव सांगा त्यांच्यातलं एक. 1 नोव्हेंबर 2020 च्या रात्री चांदरला रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध हजारो लोक रुळाजवळ जमले, म्हाताऱ्या, पोरं, मेणबत्त्या, गाणी, पहाटेपर्यंत. मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या त्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. हे लहान काम आहे का? पण पुढारी नव्हता, आणि मुद्दामच नव्हता, कारण एक पुढारी असला की त्याला उचलता येतं, विकत घेता येतं, नाहीतर केसेस घालून दमवता येतं. शहाणपणच आहे ते. फक्त वाचनालयाच्या भिंतीची पंचाईत होते. आणि थोडी आपली पण, कारण गर्दीवर प्रेम करता येत नाही तसं, मास्तरांना एक माणूस पाहिजे ज्याच्याबद्दल ते पोरांना सांगतील, ते मला समजतं.

म्हणून मी कमिटीत सुचवलं की आजच्या काळातल्या फोटोच्या जागी चांदरच्या त्या रात्रीचा आडवा फोटो लावूया. दोघं हो म्हणाले, एक म्हणाला राजकारण होईल, मास्तर म्हणाले यात चेहरा कुणाचा दिसतोय. काकांना मोबाइलवर दाखवला, त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले हा तीन फुटांवर नेलास तर नुसता काळा दिसेल, व्हॉट्सॲपनं दाबून टाकलेला आहे, मूळ फाइल आण. मूळ फाइल शोधतोय! एवढ्या हजार लोकांच्या हातात फोन होते आणि भिंतीवर लावण्यासारखा एक फोटो सापडत नाहीये. कुणाकडे असेल तर खरंच कळवा.

असो, दुकानाच्या तक्रारी पण लिहायला पाहिजेत. वेळ पाळत नाहीत, ‘फाल्यां’ म्हणजे उद्या असं समजू नका, आणि चवथीच्या आधीचा महिना तर विसराच, देवांच्या फ्रेमांची रांग असते. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. काच कापताना काका बोलत राहतात त्यामुळे एकदा माप थोडं चुकलं, पण स्वतःहून बदलून दिली, पैसे घेतले नाहीत. यूपीआय आहे पण स्पीकर बिघडलेला, स्क्रीन दाखवावी लागते. तीन फुटी आडव्या फ्रेमला जाड काच लागेल आणि पट्टी पण रुंद, काकांनी अंदाजे अठराशे सांगितलेत, कमिटी पास करेल तेव्हा करेल.

पाचातले चार स्टार. एक वेळेसाठी कापला. शुक्रवारी जाऊ नका, बाजाराच्या गर्दीत काचेची फ्रेम घेऊन बाहेर निघता येत नाही आणि पार्किंग तर नाहीच, मंगळवार-बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास गेलात तर काका निवांत असतात.