जादा कोंबड्यासाठी घर : भोर तालुक्यातील एका कुक्कुटपालन केंद्राचा अनुभव

घरी हौसेने वाढवलेला जादा कोंबडा कोणाच्या हवाली करावा, या काळजीत असणाऱ्यांसाठी भोर तालुक्यातील एका घरगुती कुक्कुटपालन केंद्राचा अनुभव लिहीत आहे. पत्ता जाहीर झाल्यास जागेपेक्षा अधिक कोंबडे येतील, म्हणून केंद्र चालवणाऱ्या ताईंच्या विनंतीवरून नाव देत नाही.

माझ्या मुलीने आठवडी बाजारातून गुलाबी आणि हिरव्या रंगात रंगवलेली दोन पिल्ले आणली होती. अंड्यांच्या जातींतील नर पिल्ले हॅचरीला नको असतात, कारण ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठी लवकर वाढतही नाहीत. तीच अनेकदा रंगवून स्वस्तात विकली जातात, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. रंग गेला, दोघे पांढरेशुभ्र झाले आणि पाचव्या महिन्यात दोघेही आरवू लागले. सोबतीला आणलेली गावरान तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, एकटीच होती. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असाव्यात असे जाणकार सांगतात. आमच्याकडे उलटे गणित असल्याने तिच्या पाठीवरची पिसे झडून कातडी उघडी पडली, आणि एका सकाळी दोघांपैकी मोती नावाच्या कोंबड्याच्या तुऱ्याचे टोक रक्ताने माखलेले दिसले. त्याच दिवशी एकाला दुसरीकडे ठेवण्याचे ठरवले.

‘फुकट देणे आहे’ असे कळवताच चार फोन आले. आषाढ चालू होता. तिघांनी वजन विचारले आणि चौथ्याने तो झुंजीत टिकेल का, असे विचारले. झुंजी लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे त्याला सांगून मी फोन ठेवला. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने आपण फक्त कुत्री-मांजरे घेतो असे कळवले.

ताईंनी मात्र आधी मलाच प्रश्न विचारले. ‘‘दादा, याला मानमोडीची (कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची) लस कधी टोचली? माणसांच्या अंगावर येतो का? शिंकतो का?’’ प्रत्यक्ष भेटीत त्यांनी मोतीला काखेत घेतले, छातीचे हाड चाचपून तो रोडावला आहे का ते पाहिले, पंखाखालची पिसे फुंकून उवा शोधल्या आणि खोक्यातील विष्ठाही न्याहाळली. नंतर त्याला मुख्य कळपापासून दूर, वेगळ्या खुराड्यात तीन आठवडे ठेवले. आजार लपून आला तर सगळा कळप जाऊ शकतो, त्यामुळे या टप्प्यावर त्या कोणाचीही घाई चालू देत नाहीत. या काळातील खाद्याचे पाचशे रुपये त्यांनी घेतले, आणि ते मला अगदी रास्त वाटले.

त्यांच्याकडे कोंबड्या नजरेस पडणार नाहीत अशा कोपऱ्यात फक्त नरांचा वाडा आहे. कोंबड्यांवरून होणारी चढाओढ नसल्याने तिथे भांडणे बरीच कमी होतात. मोतीचे नशीब अधिक चांगले निघाले. नऊ कोंबड्यांच्या एका कळपातील म्हातारा कोंबडा नुकताच मेला होता. अंधार पडल्यावर, सगळ्या दांडीवर झोपल्या असताना, ताईंनी त्याला अलगद शेजारी बसवले. नवे पाखरू असे रात्री सोडले की सकाळची टोचाटोची कमी होते, असा त्यांचा अनुभव आहे. महिन्याने भेटायला गेलो तेव्हा तो दाणा चोचीत उचलून खाली टाकत, कोंबड्यांना खास आवाजात बोलावत होता. तुऱ्यावरची खपलीही निघून गेली होती.

काही उणिवाही आहेत. केंद्राची वाहनव्यवस्था नाही आणि शेवटचा कच्चा रस्ता पावसाळ्यात अवघड होतो. फोन संध्याकाळीच लागतो. कोंबडा विकणार किंवा कापणार नाही, हे वचन तोंडी आहे. ते कागदावर लिहून द्यायला हवे, असे मी ताईंना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. जागा नसेल तेव्हा त्या सरळ नकार देतात, आणि याच कारणाने माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

नेताना कोंबड्याचे पाय बांधून त्याला उलटे लटकवू नये. भोके पाडलेल्या खोक्यात तूस पसरून, उन्हाआधी निघावे. आम्ही पहाटे साडेपाचला निघालो आणि घाट ओलांडेपर्यंत मोती आतून आरवत होता.