घरच्या बायोडिझेलचं वॉशिंग: साधं पाणी, बुडबुडे आणि रेझिन, तिन्ही वापरून झाल्यावर

वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल बनवायला लागून बरेच महिने झाले, साधा पाण्याचा वॉश, बबल वॉश आणि रेझिनचा (अशुद्धी पकडणाऱ्या बारीक मण्यांचा) ड्राय वॉश असं तिन्ही करून झालंय म्हणून लिहितोय. निकाल आधीच सांगून टाकतो, मला पाण्याचाच बरा वाटला.

तेलाची मिथेनॉल आणि कॅटॅलिस्टबरोबर (रिअ‍ॅक्शन घडवून आणणारं रसायन) रिअ‍ॅक्शन झाली की बायोडिझेल वर राहतं आणि ग्लिसरीन खाली बसतं. ते ग्लिसरीन खालून सोडून दिलं की वरचं सोनेरी दिसतं आणि वाटतं झालं काम, पण त्यात साबण, उरलेलं मिथेनॉल, थोडा कॅटॅलिस्ट आणि डोळ्याला न दिसणारं ग्लिसरीन असतंच. साबणातलं सोडियम किंवा पोटॅशियम जळून जात नाही, त्याची राख होते आणि ती इंजेक्टरवर बसते. युरोपचं स्टँडर्ड आहे ना, ईएन 14214, त्यात हे दोन्ही मिळून किलोमागे फक्त 5 मिलिग्रॅम चालतात, आणि मिथेनॉल 0.20 टक्क्यापर्यंत. घरी एवढं मोजणं अवघडच, पण आपण कशाच्या मागे लागलोय ते तरी कळतं.

वॉशच्या आधी 3/27 टेस्ट कराच. 27 मिली मिथेनॉलमध्ये 3 मिली बायोडिझेल टाकून हलवायचं आणि ठेवून द्यायचं, सगळं विरघळलं तर पुढे जा, तळाशी तेल बसलं तर रिअ‍ॅक्शन अर्धी राहिलीय, परत मिथेनॉल-कॅटॅलिस्ट घालून पूर्ण करा. बरेच जण हे टाळतात आणि मग इमल्शन (तेल-पाणी मिसळून न सुटणारं मिश्रण) झालं म्हणून पाण्याला शिव्या देतात. अर्धवट मालात मोनो आणि डायग्लिसराइड, म्हणजे अर्धवट फुटलेलं तेल, असतात, ती स्वतःच इमल्सिफायर, म्हणजे इमल्शन करणारी, त्यात साबणाची भर, मग दुधासारखं पांढरं होणार नाही तर काय! झालंच तर गरम करायचं, थोडं मीठ किंवा व्हिनेगर घालायचं, बहुतेक वेळा थर सुटतात.

आता पाणी. पहिला वॉश अगदी हळू, वरून बारीक फवारा, कोमट पाणी, आणि अजिबात ढवळायचं नाही, कारण सगळ्यात जास्त साबण तेव्हाच असतो. खालचं पांढरट पाणी कॉकने सोडायचं. दुसऱ्या वॉशला हलकं ढवळलं तरी चालतं, नंतर मग बिनधास्त ढवळा. एका वॉशला साधारण बायोडिझेलच्या एक तृतीयांश पाणी पुरतं. झालं की नाही ते बघायला बरणीत अर्धं बायोडिझेल अर्धं पाणी घेऊन जोरात हलवा, थोड्याच वेळात दोन स्वच्छ थर पडले आणि मध्ये पांढरी साय नसली की झालं.

बबल वॉशचं फार कौतुक होतं, मला पटलं नाही. फिशटँकचा एअर पंप आणि त्याचा बुडबुडे सोडणारा दगड तळाच्या पाण्यात सोडून तासन् तास विसरून जायचं, आळशी माणसाला बरं वाटतं खरं, पण तो इतका हळुवार असतो की अर्धवट रिअ‍ॅक्शनचा माल पण त्यातून छान स्वच्छ होऊन बाहेर पडतो आणि गडबड झाकली जाते. शिवाय इतका वेळ हवा मारली की बायोडिझेल ऑक्सिडाइज होतं, सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं तेल असेल तर जास्तच.

सुकवणं हा वॉशइतकाच मोठा भाग, त्यावर कोणी बोलतच नाही. मी 55-60 अंशाला गरम करून पंपाने शॉवरसारखं फिरवतो, टाकीचं झाकण उघडं. मिथेनॉलची वाफ विषारी असते आणि पेट पण घेते, त्यामुळे हे उघड्यावर, ज्योत-ठिणगीपासून लांब. गरम असताना पारदर्शक दिसलं म्हणून थांबू नका, गरम बायोडिझेलमध्ये पाणी जास्त विरघळतं, थंड झालं की परत गढूळ. आणि थंडगार स्वच्छ दिसणाऱ्यात पण 1000 पीपीएमच्या (दहा लाखात इतके भाग) वर पाणी असू शकतं, त्याच युरोपच्या स्टँडर्डची मर्यादा 500 ची आहे, म्हणून स्वच्छ दिसायला लागल्यावरही थोडा वेळ फिरवतच ठेवतो.

रेझिन वाईट नाही. पाणी नको, सुकवणं नको, कॉलममधून हळूहळू सोडायचं, बास. मणी फुगतात म्हणून कॉलम गच्च भरायचा नाही. पण रेझिन साबणातलं सोडियम पकडतं आणि साबणाचं फॅटी अ‍ॅसिड होऊन ते बायोडिझेलमध्येच राहतं, म्हणजे साबण गेला पण अ‍ॅसिड व्हॅल्यू (आम्लपणाचं माप) वाढली. साबण जास्त असला की रेझिन पटकन संपतं पण. त्यावर चिकटलेलं ग्लिसरीन मिथेनॉलने धुता येतं, पण संपलेली क्षमता त्याने परत येत नाही. पाण्याची टंचाई असेल किंवा तेल मुळातच चांगलं, कमी फॅटी अ‍ॅसिडचं मिळत असेल तर जरूर घ्या.

पाण्याच्या वॉशचा खरा त्रास म्हणजे उरलेलं पाणी. त्यात साबण, मिथेनॉल आणि क्षार, नाल्यात किंवा झाडांना सोडायचं नाही. शेवटच्या वॉशचं पाणी बरंच स्वच्छ असतं, ते मी पुढच्या बॅचच्या पहिल्या वॉशला वापरतो, त्याने टाकायचं पाणी बरंच कमी झालं. पहिल्या वॉशचं मात्र वेगळ्या पिंपात जातं.