सार्वजनिक विद्यापीठात संगीताचे एम.ए.: तिसऱ्या सत्रातून, मुख्यतः तानपुऱ्यांविषयी

मुंबईतील एका सार्वजनिक विद्यापीठात मी शास्त्रीय गायनात एम.ए. करते आहे. हा अनुभव लिहायला निमित्त झाली ती एक तुटलेली तार. प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर विभागातील सर्वांत चांगल्या तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार तुटली, आणि काहीशे रुपयांत मिळणाऱ्या तारांसाठी केलेला अर्ज दरपत्रके आणि मंजुरी यांच्या फेऱ्यात लेखा विभागात अडकून पडला. शेवटी आम्ही विद्यार्थ्यांनीच वर्गणी काढून दादरहून तारा आणल्या. रक्कम किरकोळ होती, पण जिथे संगीत हाच विषय आहे तिथे तानपुऱ्याची तार ही तातडीची गरज मानली जात नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

प्रवेश, श्रेयांक आणि गुणांची विभागणी वाचकांना ठाऊक असेलच. पैशांचा हिशेब मात्र सांगायला हवा, कारण माझ्यासाठी निर्णय त्यावरच झाला. या शहरात खासगी तालमीसाठी महिन्याला जे मोजावे लागते, त्यात तबल्याच्या साथीचे पैसे वेगळे धरावे लागतात. विद्यापीठात तबलजी वर्गातच बसलेले असतात. विलंबित एकतालात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना चुकले, तर ते थांबतात आणि पुन्हा पहिल्या मात्रेपासून ठेका धरतात. शेजाऱ्यांच्या तक्रारीविना तासभर मोकळ्या आवाजात गाता येईल अशी खोली मिळते, ती वेगळीच. मुंबईच्या घरांत राहून रियाज करणाऱ्याला या खोलीची किंमत समजावून सांगावी लागणार नाही. एवढ्या शुल्कात एवढे दुसरीकडे कुठेही मिळत नाही, हे माझे पहिल्या सत्रातले मत आजही कायम आहे.

म्हणूनच तानपुऱ्यांची अवस्था जास्त खटकते. वाद्ये कपाटात आहेत, त्यांवर गवसण्याही आहेत, पण बहुतेकांची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, गेलेली आहे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग किंचित बाकदार घासलेला असतो आणि तारेखाली सुती दोरा योग्य जागी सरकवलेला असतो, तेव्हाच तार घोडीला हलकी घासत लांबवर गुंजते. वर्षानुवर्षांच्या वापराने तारांच्या खाचा पडल्या की तोच नाद बोथट होतो. त्यात मुंबईचा पावसाळा: तारांना गंज चढतो, खुंट्या फुगून जागच्या हलत नाहीत. शिवाय आमच्याकडचे बहुतेक तानपुरे काळी चार या पट्टीच्या आसपास गाणाऱ्या मुलींच्या मापाचे आहेत. काळी एक या खालच्या पट्टीत गाणारी मुले त्याच तारा सैल करून घेतात आणि खर्ज नुसता थडथडतो. मग सगळेच इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावतात. प्रवासात त्याची सोय निर्विवाद आहे. पण पंचम वर्ज्य असलेल्या, म्हणजे न लागणाऱ्या, मालकंस रागासाठी पहिली तार मध्यमावर उतरवायची, मारव्यासाठी ती निषादात मिळवायची, हे शिक्षण कळ दाबून होत नाही. स्वर नेमका कुठे बसतो, ते खुंटी फिरवताना कानाला कळते.

मधल्या काळात एका बाबतीत माझे मत पूर्ण बदलले. शास्त्राच्या लेखी परीक्षेतील स्वरलेखन मला केवळ गुणांसाठीचे वाटत होते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर, समेला गुणिलेची खूण: हे सगळे पाठ करून गाणे येत नाही, असे मी म्हणत असे. दुसऱ्या सत्रात संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांची मूळ मराठीतील क्रमिक पुस्तक मालिका ग्रंथालयातून घेऊन बसले आणि न शिकलेल्या बंदिशी स्वतः वाचून गायला लागले. वाळकेश्वरात 1860 साली जन्मलेल्या, वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या माणसाने घराण्यांच्या कोठारातील बंदिशी मिळवून लिहून ठेवल्या, म्हणून आज माझ्यासारखीला त्या उघडता येतात. स्वरांवरून रागांचे दहा गट, म्हणजे थाट, पाडणाऱ्या त्यांच्या वर्गीकरणाविषयी माझ्या शंका आहेतच. मारव्याच्या थाटात पुरिया आणि सोहनीही बसवले, तरी त्यांची चलने, म्हणजे स्वरांतून जाण्याच्या वाटा, वेगळी राहतात. पण स्वरलेखनाचा तास आता मी चुकवत नाही.

दोन गुरूंकडे दोन घराण्यांची तालीम मिळते, याबद्दल बरेच जण नाराजी व्यक्त करतात. एक बाई आलापात एकेका स्वरावर थांबायला लावतात, तर दुसरे सर जयपूर पद्धतीने लयीला धरून, वक्र वळणांनी जायला सांगतात. पहिले काही महिने गोंधळ होतो हे खरे. मला त्याचा त्रास कमी आणि उपयोग जास्त झाला, पण पक्की तालीम आधी एका जागी झालेली असेल तरच हे मानवते.

आता पुन्हा तानपुऱ्यांकडे. दिवाळीच्या सुट्टीनंतर विभागातील एका शिक्षकांच्या ओळखीने मिरजेचे कारागीर येऊन गेले. त्यांनी एकाच तानपुऱ्याची घोडी कानसेने घासली, दोरा पुन्हा पुन्हा सरकवून पाहिला, आणि खर्ज छेडल्यावर त्यातून स्वयंभू गंधार, म्हणजे न छेडता तारेतून आपोआप उमटणारा गंधार, स्पष्ट ऐकू आला. त्या दिवशी यमन गाताना माझा गंधार आपोआप जागेवर आला. सर वर्षभर जे सांगत होते ते कानाने क्षणात दाखवून दिले. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कारागीर एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर आहेत. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, त्यांना बोलावण्याची तरतूद विद्यापीठाने अंदाजपत्रकात करावी आणि तारांची खरेदी विभागप्रमुखांच्या अधिकारात द्यावी, असे निवेदन आम्ही दिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

प्रवेश घेण्याचा विचार असेल तर माहितीपुस्तिका वाचून थांबू नका. विभागात जा, कपाट उघडायला सांगा, तानपुरा मांडीवर घेऊन स्वतः जुळवून पाहा. तबलजी नियमित येतात का, आणि रियाजाच्या खोलीची किल्ली कार्यालय बंद झाल्यावर कोणाकडे असते, हेही विचारा. आमच्याकडे ती शिपाईमामांकडे असते आणि ते सहापर्यंत थांबतात.